शोधणाऱ्या

एलिएसेरच्या दुकानात, काचेच्या कपाटात
दिव्यांच्या जोड्या मांडल्यात, डोळ्यांच्या दवाखान्यात चष्मे मांडतात तशा.
आमच्या मानिसालेसमध्ये त्यांना एक्सप्लोरादोरास म्हणतात,
म्हणजे शोधणाऱ्या. स्त्रीलिंगी, अनेकवचनी.
मला तेवढ्यावरच घ्याव्याशा वाटल्या.

पण एलिएसेर असा सहजासहजी काही विकत नाही.
आधी विचारतो, कुठे जातेस? किती वाजता?
मी सांगते: लेत्रासची खिंड, पहाटे साडेचार, सोमवार ते शुक्रवार.
लेत्रास म्हणजे अक्षरं. धुक्यात एकही वाचता येत नाही.
खिंडीपलीकडे शाळा, शाळेत अकरा मुलं, बाई एकच.
तो माझ्या सव्वाशे सीसीच्या गाडीकडे बघतो,
आजारी वासराकडे बघावं तसा.

"हा डबा बघ. यावर आकडा लिहिलाय वीस हजार.
आकडा छापायला शाई लागते, वीज लागत नाही.
तुझ्या गाडीच्या पोटात वीज आहे मूठभर.
ही जोडी लावलीस तर महिन्यात बॅटरी उपाशी मरेल
आणि तू ढकलत उतरशील."

मग पांढरे. लावून दाखवतो;
भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीखसुद्धा दचकते.
मी म्हणते, हेच.
तो म्हणतो, नाही.
"पांढरा उजेड पांढऱ्या धुक्यात शिरत नाही,
दारातच बसतो आणि चुना फासायला लागतो."
मग पिवळा? पिवळा धुकं कापतो ना?
"कोण म्हणतं? धुकं काही कापलं जात नाही.
पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, एवढंच.
बाकी सगळं जागेचं काम आहे:
खाली बांधायचे, चाकाच्या आसाशी,
नजर जमिनीवर, पडलेलं नाणं शोधतात तशी."

आणि मग हातातला पाना खाली ठेवून त्याने विचारलं,
"तुला दिसायला हवं, की तू दिसायला हवीस?"

मला फेब्रुवारी आठवला.
समोरून उतरणारं खेचर
(अठरा चाकांच्या ट्रेलरला आम्ही खेचरच म्हणतो),
आधी त्याचा भोंगा आला, मग वारा, मग ते.
मला ते दिसलं. त्याला मी नाही.
मी गटारात, वह्यांचा गठ्ठा माझ्या अंगावर,
आणि कडेला फ्रायलेहोनची झाडं,
लोकरी पानांची, माणसांच्या उंचीची,
घोळक्याने उभी.
एकही मदतीला हललं नाही.

"दोन्ही," मी म्हटलं. "पैसे मात्र एकाचेच आहेत."

तीन हप्ते ठरले,
वर त्याच्या मुलाला गुणाकार शिकवायचे.
रिले वेगळा, फ्यूज वेगळा, बटण डाव्या अंगठ्याशी.
उजवा दिवा त्याने कडेच्या पांढऱ्या रेषेवर लावला,
डावा जवळ, अगदी चाकापुढे.
"हा वर उचलू नकोस," म्हणाला,
"समोरच्यालाही डोळे दोनच आहेत."

सोमवारी खिंडीत धुकं होतं, नेहमीचंच,
ओल्या घोंगडीच्या वासाचं.
मी मोठा दिवा विझवला.
कळायला जरा वेळ लागला
की उजेड कमी केल्यावर रस्ता वाढलाय.
फार नाही, सात-आठ मीटर:
डांबर, रेषा, चपटी झालेली एक बाटली.
तेवढ्यापुरताच वेग घेतला,
ते संपायच्या आत पुढचे सात-आठ आले.
वळणावर खेचर भेटलं.
भोंगा नाही. आपले दिवे खाली करून
ते डोंगराकडे सरकलं,
आणि मी त्याच्या एकेका चाकाजवळून गेले, मोजत.

शाळेच्या पायरीवर दाइबेर, इयत्ता दुसरी, हातात गुळाच्या पाण्याचा कप.
"प्रोफे, आज तुम्ही वळणाआधीच दिसलात!
आम्हाला वाटलं, पिवळ्या डोळ्यांची गाय येतेय."
भुवयांवरचं पाणी पुसलं. फळ्यावर तारीख लिहिली.
दुसरा हप्ता पंधराला.

मुलं खिडकीकडे बघून खुसखुसायला लागली
तेव्हा लक्षात आलं, चावी काढायची राहिली.
बाहेर धावले तर
दोघी अजून गवतात
नाणं शोधत होत्या.